भरड, रवाळ, बारीक: घरी कॉफी दळण्याची पूर्ण रीत

गिरणीत डबा ठेवताना आपण सांगून टाकतो, "चपातीचं आहे, बारीक काढा", "लाडवाचं बेसन आहे, रवाळ ठेवा", "भाजणी फार बारीक नको." डाळ तीच, गहू तेच, पण दळण बदललं की पदार्थ बदलतो हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. कॉफीच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. एकच पूड फिल्टरला, तीच फ्रेंच प्रेसला (दांड्याने जाळी खाली दाबायचं भांडं), तीच मोका पॉटला (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं). मग कॉफी कडू झाली की बियांना बोल लावायचा आणि पाणचट झाली की दुधाला. बहुतेक वेळा चूक दळणाची असते, आणि ती घरच्या घरी दुरुस्त करता येते.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे वर्षातले चार महिने दमट हवा, जिच्यात दळलेली कॉफी उघड्यावर तासाभरात नरम पडते. दुसरी म्हणजे बहुतेकांच्या ओट्यावर मिक्सर असतोच, त्यामुळे सुरुवात तिथूनच होणार. महागडा ग्राइंडर नंतर घेता येईल. आधी पूड डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखायला शिकलात, तर मिक्सरवरही प्यायला बरी वाटेल अशी कॉफी होते. ती ओळख नसेल तर चांगल्या ग्राइंडरवरही होत नाही.

दळल्याने नेमकं काय होतं

भाजलेल्या बीमध्ये पाण्यात विरघळू शकेल असा भाग वजनाच्या साधारण ३० टक्के असतो. त्यातला १८ ते २२ टक्के भाग कपात उतरला तर कॉफी गोडसर आणि भरीव लागते. पाणी आधी आंबट आणि खारट चवीची द्रव्यं ओढतं, मग गोडवा, आणि शेवटी कडू-तुरट. दाणा जाड असेल तर पाणी आतपर्यंत पोचतच नाही आणि कॉफी आंबट, पातळ राहते. दाणा पिठासारखा असेल तर सगळंच बाहेर येतं आणि जीभ कोरडी पडते.

पण खरी अडचण जाड किंवा बारीक असण्याची नाही, दोन्ही एकत्र असण्याची आहे. एकाच कुकरात मोठे आणि छोटे बटाटे लावले की छोटे फुटतात आणि मोठे मधून कच्चे राहतात, तसंच. एकाच घोटात आंबटही लागतं आणि कडूही, आणि मग काय बदलावं हेच कळेनासं होतं. म्हणून दळण्यातली सगळी खटपट दाणे एकसारखे मिळावेत यासाठी असते.

बिया: काय आणायचं आणि काय बघायचं

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. नुसती "बेस्ट बिफोर" असेल तर ती कॉफी कधी भाजली हे कळत नाही. भाजल्यानंतर काही दिवस बीमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. त्या काळात दळली तर पाणी ओतताच खूप फसफसते आणि चव अडखळत उतरते. भाजल्यापासून सहा-सात दिवस थांबून पुढच्या महिनाभरात संपेल एवढंच, म्हणजे दोन माणसांच्या घरात २५० ग्रॅम, आणावं. अर्धा किलो स्वस्त पडतो म्हणून आणला तर पावसाळ्यात शेवटचे दीडशे ग्रॅम नाइलाजाने प्यावे लागतात.

चिकमगळूर, कोडगू, हासन, वायनाड, अराकू, यातलं कुठलंही घ्या, पण पहिले दोन महिने एकाच ठिकाणाच्या आणि मध्यम भाजलेल्या बियांवर राहा. दर पाकिटाला बी बदलली तर दळणाबद्दल काहीच शिकता येत नाही. नौपाड्यातल्या, वाशी-नेरूळच्या किंवा माटुंग्याच्या दाक्षिणात्य दुकानांतून नेहमी पूड आणत असाल तर तिथेच "न दळता द्या" म्हणून बघा. पीबेरी मागितलीत तर गोल, वाटाण्यासारखी बी येईल. एका फळात दोनऐवजी एकच बी वाढली की ती अशी गोल होते. मिक्सरच्या भांड्यात ती जास्त उड्या मारते, एवढं लक्षात ठेवा.

दळण्याआधी बिया ताटात पसरून तांदळासारख्या निवडा. वीस सेकंदांचं काम आहे, पण टाळू नका. कॉफी बऱ्याचदा अंगणात वाळवली जाते, त्यामुळे भाजलेल्या कॉफीतही क्वचित बारीक खडा येतो, आणि तो नेमका बीच्याच रंगाचा असतो. मिक्सरच्या पात्याला त्याने खाच पडते. सिरॅमिक दात्यांच्या ग्राइंडरमध्ये गेला तर दाता टवका उडून कायमचा बाद होतो. काळ्या पडलेल्या, पोकळ किंवा पांढुरक्या बियाही बाजूला काढा.

जाडीचं माप आपल्याच डब्यांतून

कॉफीच्या पुस्तकांत जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. घरी त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे त्याहून चांगली मापं फडताळात आहेत. पाच छोट्या वाट्यांत मैदा, झिरो नंबरचा म्हणजे चिरोटीचा रवा, उपम्याचा नेहमीचा रवा, जाड रवा आणि इडली रवा चिमूट चिमूट काढून ठेवा. एकदाच करा, पण खरंच करा. दळलेली कॉफी अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायची आणि कुठल्या वाटीशी जुळते ते बघायचं.

दाक्षिणात्य फिल्टरला चिरोटीच्या रव्याएवढी, चोळली की किंचित बोटाला चिकटणारी पण पीठ न झालेली. मोका पॉटला तेवढीच किंवा जराशी जाड. कागदाच्या फिल्टरमधून वरून पाणी ओतून करायची असेल तर उपम्याचा रवा. फ्रेंच प्रेसला जाड रवा. फ्रिजमध्ये रात्रभर भिजवायच्या कोल्ड ब्रूला इडली रवा. तुर्की पद्धतीची, भांड्यात उकळून न गाळता ओतायची कॉफी हवी असेल तर वस्त्रगाळ, मैद्यासारखी, आणि ती मिक्सरवर धड होत नाही. एस्प्रेसो मशीनचं दळणही घरच्या मिक्सरवर जमत नाही. तिथे केसभर फरकानेही धार बदलते, म्हणून त्यासाठी वेगळाच ग्राइंडर लागतो.

मिक्सरवर दळायची रीत

मिक्सर दळत नाही, तोडतो. पातं मिनिटाला १८-२० हजार फेरे घेतं आणि समोर येईल त्या दाण्यावर आपटतं. जो दाणा पात्याजवळ राहिला तो आणखी बारीक होतो, जो वर उडाला तो अख्खा राहतो. हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

चटणीचं छोटं भांडं घ्या, मोठं नको. त्यात ३० ते ४० ग्रॅम बिया टाका. २० ग्रॅमहून कमी टाकल्या तर बिया पात्यावरून नुसत्या उडतात. ५० च्या वर गेलात तर तळाशी पीठ आणि वर अख्ख्या बिया. भांडं आणि झाकण हाताला पूर्ण कोरडं लागलं पाहिजे. धुऊन नुसतं पुसलेलं चालत नाही, कारण पात्याच्या बुडाशी पाणी राहतं आणि तिथेच कॉफीचा लगदा बसतो.

बटण १-२-३ कडे फिरवायचंच नाही. उलट्या बाजूला जो झटका देणारा पल्स असतो तेवढाच वापरायचा. एक सेकंद दाबा, सोडा, पातं थांबू द्या, मग पुन्हा. दर चार-पाच झटक्यांनी भांडं उचलून तिरकं करून हलवा, म्हणजे वरचे दाणे खाली येतील आणि खालचे वर. झाकण उघडलं नाही तरी आवाजावरून अंदाज येतो: सुरुवातीला खडखड, मग खरखर, आणि शेवटी फक्त मऊ सुसाट. सुसाट ऐकू आलं म्हणजे फ्रेंच प्रेससाठी उशीर झालेला असतो. पहिल्या वेळी फ्रेंच प्रेसला ८ ते १०, कागदाच्या फिल्टरला १४ ते १६, दाक्षिणात्य फिल्टरला २५ च्या आसपास झटके धरून चाला. तुमचं पातं नवं की झिजलेलं, भांडं केवढं, यावर आकडा सरकेल. तो एकदा मोजून ठेवा.

भांड्याच्या बुडाला हात लावा. कोमट लागलं तर दोन मिनिटं थांबा. उष्णतेने वास उडतो, आणि ज्या वासाने स्वयंपाकघर भरून जातं तो कपातून गेलेला असतो. मिक्सर मधेच बंद पडला तर घाबरू नका. तो गार होऊ द्या आणि उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. जास्त भार आला की ते उडतं.

आता खरी कमाल चाळण्यांची. रव्याची चाळणी आणि मैद्याची चाळणी, दोन्ही कोरड्या. आधी रव्याच्या चाळणीतून चाळा. वर जी भरड राहील ती परत भांड्यात टाकून दोन-तीनच झटके द्या आणि पुन्हा चाळा. मग खाली आलेली सगळी पूड मैद्याच्या चाळणीत घ्या आणि हलक्या हाताने, आपटत न बसता, वीसेक सेकंद हलवा. खाली मखमलीसारखी धूळ पडेल. ४० ग्रॅममधून चार-पाच ग्रॅम सहज निघते, पातं बोथट असेल तर त्याहून जास्त. चाळणीत जे उरलं ते एकसारखं दळण.

ती धूळ टाकू नका. दुधात उकळायच्या कॉफीला ती चांगली लागते. पण एकदा तिचा अर्धा चमचा कपभर गरम पाण्यात वेगळा घालून चार मिनिटांनी चाखा, आणि शेजारी चाळलेली पूड तशीच ठेवून चाखा. फ्रेंच प्रेसच्या तळच्या दोन घोटांतला तो करकरीत तुरटपणा कुठून येत होता ते जिभेलाच कळेल. मिक्सरवर कॉफी करणाऱ्यांसाठी यापेक्षा उपयोगी प्रयोग नाही.

घरघंटीत किंवा गिरणीत मात्र कॉफी टाकायचा मोह टाळा. कॉफीचं तेल जाळीत बसतं आणि पुढच्या दळणाच्या भाकरीला वास येतो.

दात्यांचा ग्राइंडर: जात्याचाच लहान भाऊ

दुकानात ज्याला बर ग्राइंडर म्हणतात तो जात्याच्या तत्त्वावर चालतो. दोन दातेरी भाग, एक स्थिर आणि एक फिरता, आणि दोघांतल्या फटीतून दाणा गेला तरच सुटका. फट ठरवली की जाडी ठरली. म्हणूनच हाताने फिरवायचा साधा स्टील दात्यांचा ग्राइंडर मिक्सरला मागे टाकतो. आणि पहाटेची पाच-पन्नासची गाडी पकडायची असेल तर घर न उठवता दळता येतं, वीज गेली तरी दळता येतं.

घेताना एकच गोष्ट हाताने तपासा. हँडल काढून मधला दांडा अंगठ्याने बाजूला ढकला. आतला दाता डगमगला तर बारीक दळण बरं होईल, पण जाड दळणात अर्धा रवा आणि अर्धा भुगा येईल. दोन बेअरिंगवर बसवलेला दांडा डगमगत नाही. सिरॅमिक दाते गंजत नाहीत हे खरं, पण ते हळू दळतात आणि खड्याने फुटतात. २० ग्रॅम मध्यम दळणाला चांगल्या स्टील दात्यांना मिनिटभर लागतो, स्वस्त सिरॅमिकला दोन-तीन मिनिटं.

आणल्यावर पहिलं काम म्हणजे शून्य शोधणं. ग्राइंडर रिकामा ठेवा, खालची चकती (दात्यांतली फट कमी-जास्त करणारी) घड्याळाच्या दिशेने हळूहळू आवळत जा आणि दर क्लिकला हँडल फिरवून बघा. ज्या क्लिकला हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही, ते तुमचं शून्य. त्याहून पुढे जोर लावून आवळू नका, दात्यावर दाता घासतो. मग उलट मोजत या. दुसऱ्याचा "बावीस क्लिक" तुमच्या कामाचा नाही, कारण प्रत्येक ग्राइंडरचं शून्य आणि क्लिकचं अंतर वेगळं. चार चमचे जुन्या बिया घेऊन शून्यापासून दर चार क्लिकला थोडं थोडं दळा, कागदावर ओळीने ढीग मांडा आणि रव्याच्या वाट्यांशी जुळवा. अर्ध्या तासात तुमच्या ग्राइंडरचा नकाशा तयार होतो.

दळताना ग्राइंडर थोडा तिरका धरा. बिया एकदम दात्यांवर कोसळत नाहीत, थोड्या थोड्या उतरतात, हँडल हलकं जातं आणि धूळ कमी होते. हँडल अडलं तर जोर करू नका. अर्धा फेरा उलट फिरवा, चकती दोन-तीन क्लिक सैल करा, मग पुढे. हलक्या भाजलेल्या बिया दगडासारख्या असतात, तेव्हा हे होणारच. पण अडताना धातूचा कर्र आवाज आला तर थांबा आणि सगळं ओतून खडा शोधा. आत बिया असताना दळण बारीक करायची चूकही करू नका. दात्यांत अडकलेला दाणा चिरडला जाऊन चकती जाम होते. आधी रिकामा करा, मग आवळा.

विजेच्या ग्राइंडरमध्ये आणखी एक गोष्ट असते: आदल्या दिवशीचा एक-दोन ग्रॅम भुगा नळीत अडकून राहतो. सकाळचा पहिला कप थोडा शिळा लागतो आणि दुसरा बरा, त्याचं कारण बहुधा हेच. दोन ग्रॅम बिया आधी दळून फेकून द्या.

दोन थेंब पाणी

हिवाळ्यात, हवा कोरडी असताना, पूड डब्याच्या कडांना, हाताला, ओट्याला उडून चिकटते. दाणे फुटताना घासून विजेचा भार तयार होतो, त्याचा हा परिणाम. उपाय अगदी सोपा आहे. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून झटका आणि त्याच ओल्या दांडीने बिया ढवळा, मगच ग्राइंडरमध्ये टाका. एवढंच पाणी, जास्त नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातले संशोधक आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचे अभ्यासक यांनी २०२३ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दळताना बीमधलं पाणी वाढलं की भार कमी होतो आणि धुळीचे गोळे बनत नाहीत, असं त्यांना दिसलं. कपापुरता फायदा असा की सगळी पूड फिल्टरमध्ये पोचते आणि वजन जुळतं. जुलैत आपल्याकडे हे करायची गरज सहसा पडत नाही, हवाच ते काम करते.

दाक्षिणात्य फिल्टर: दळणाची खरी परीक्षा

स्टीलच्या फिल्टरमध्ये कागद नाही, दाब नाही, पाणी फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. म्हणून दळणातली प्रत्येक चूक इथे घड्याळात दिसते. ३० ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घाला, बाजूला टिचकी मारून सपाट करा, छत्री, म्हणजे दांडी असलेली भोकांची चकती, नुसती टेकवा. दाबायची नाही. उकळून अर्धा मिनिट थांबलेलं पाणी आधी ४० मिली ओता, अर्धा मिनिट थांबा, मग ११० मिली ओतून झाकण लावा. या १५० मिलीतलं साधारण ६० मिली पूडच पिऊन टाकते आणि खाली ९० मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, मिळतं, तीन कपांना पुरेल एवढं.

पंधरा ते पंचवीस मिनिटांत सगळं उतरलं पाहिजे. पाच मिनिटांत उतरलं आणि डिकॉक्शन चहासारखं पारदर्शक दिसलं तर दळण जाड आहे. पाऊण तास झाला तरी वर पाणी आहे, तर चार कारणं असू शकतात, आणि याच क्रमाने तपासा. एक, दोन भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसलीत की खालची हवा बाहेर जाऊ शकत नाही. वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा. धार सुरू झाली तर दळणाचा दोष नाही. दोन, छत्री दाबली गेली. तीन, भोकं बुजलीत. रिकामं भांडं उजेडाकडे धरा, जिथून उजेड येत नाही तिथे जुनी पूड आहे. चिमट्यात धरून तळ गॅसच्या आचेवर मिनिटभर तापवा, आतली पूड जळून जाते, मग गार करून ब्रशने घासा. आणि चार, दळण खरंच बारीक आहे.

चिकोरी (एका मुळाची भाजून केलेली पूड) घालत असाल तर ती वेगळी, तयार आणा आणि दळून झाल्यावर मिसळा. ग्राइंडरमध्ये घालू नका. ती दमट हवेत चिकट होते आणि दात्यांत बसते. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे ८०-२० च्या मिश्रणाला दळण नुसत्या कॉफीपेक्षा किंचित जाड लागतं. तयार मिश्रणाच्या पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे आणि कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे "फिल्टर कॉफी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाकिटात जवळपास निम्मी चिकोरी असू शकते. बारीक अक्षरं वाचा.

बाकीच्या भांड्यांचं थोडक्यात. फ्रेंच प्रेस: ३० ग्रॅम, ४५० मिली, चार मिनिटं. दांडा खाली जाताना जोर लागला तर बारीक, लोण्यात सुरी जावी तसा गेला तर जाड. कागदाचा फिल्टर: १५ ग्रॅम, २४० मिली, अडीच ते साडेतीन मिनिटांत उतरावं. कोल्ड ब्रू: ८० ग्रॅम, ६४० मिली, फ्रिजमध्ये १४ ते १६ तास. मोका पॉटमध्ये पूड काठोकाठ भरा पण कधीच दाबू नका, आणि मैद्यासारखी पूड घालू नका. वाट बंद झाली तर वाफेला सुरक्षा झडपेतूनच बाहेर पडावं लागतं.

पावसाळा आणि डबे

भाजलेल्या कॉफीत जेमतेम २-३ टक्के पाणी असतं, त्यामुळे ती हवेतली ओल कापसासारखी ओढते. जुलैतल्या एका संध्याकाळी चमचाभर ताजी पूड बशीत उघडी ठेवा आणि तासाने बोटांत चोळा. मघाशी जी सुटी, करकरीत होती ती आता दाबली की गोळा धरते. हे एकदा बघितलं की आठवड्याची कॉफी रविवारी दळून ठेवावीशी वाटणार नाही. लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच.

बिया मूळ झिपच्या पाकिटात, हवा दाबून काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि गॅसपासून दूर. फ्रिजच्या दारात नको. पाकीट रोज आत-बाहेर केलं की प्रत्येक वेळी गार बियांवर दव धरतं, आणि सुक्या बोंबलाचा वास घ्यायला कॉफी फार तत्पर असते. फ्रीझर मात्र चालतो, एका अटीवर: ३०-३० ग्रॅमच्या पुड्या करा, हवा काढून बंद करा आणि एक पुडी बाहेर काढली की ती परत ठेवू नका. गोठलेल्या बिया वितळायची वाट न बघता तशाच दळा. गार बी ठिसूळ असते आणि जास्त एकसारखी फुटते, हे २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. मात्र दळण थोडं बारीक येईल, म्हणून एक-दोन क्लिक सैल ठेवा.

दळण बदललं नाही आणि तरी चव बदलली, तर पाण्याकडे बघा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी आणि घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात येणारं टँकरचं पाणी यांत कॉफीला जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. क्षार जास्त असले तर आंबटपणा दबून चव सपाट होते, आणि आरओने क्षार पार काढून टाकले तर पातळ. आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० ते १५० वर ठेवता आला तर उत्तम.

तीन कप आणि कालनिर्णय

दळण शिकायचा सगळ्यात जलद मार्ग सांगतो. एकच बी, तीन जाड्या: चिरोटी, उपमा, जाड रवा. तीन सारखे काचेचे किंवा चिनी मातीचे कप, प्रत्येकात ५ ग्रॅम पूड, प्रत्येकावर ९० मिली नुकतं उकळलेलं पाणी. चार मिनिटं झाकून ठेवा, वर तरंगणारा पुडीचा थर चमच्याने मोडा, फेस काढा आणि दहा मिनिटं गार होऊ द्या. मग चमच्याने एकेक घोट, पुन्हा उलट क्रमाने. घरातल्या कुणाला तरी कप अदलाबदल करून द्यायला सांगा, म्हणजे डोळे चव ठरवणार नाहीत. एका कपात लिंबासारखं टोक येईल, एकात तुरट ओढ, आणि एकात बहुधा गुळासारखं काहीतरी. तिन्ही एकाच पाकिटातले आहेत.

पुढे रोजच्या कपासाठी कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात चार गोष्टी लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तशा: ग्रॅम, क्लिक किंवा झटके, वेळ, आणि चवीला एकच शब्द. "१५ / २२ / २:१०, आंबट." दुसऱ्या दिवशी फक्त क्लिक बदला, बाकी काही नाही. आंबट, पाणचट किंवा खारटसर आलं तर दोन क्लिक बारीक. कडू, तुरट किंवा जीभ कोरडी पडली तर दोन क्लिक जाड. करपट वास दळणाने जात नाही, तो भाजण्यातला दोष आहे. आंबटही आणि तुरटही एकत्र आलं तर क्लिक बदलून उपयोग नाही. मग धूळ चाळा, दाते साफ करा, नाहीतर दांडा डगमगतोय का बघा.

महिनाभराचं पान बघितलंत तर लक्षात येईल की पाकीट जुनं होत जातं तशी धार जलद होते आणि दर आठवड्याला क्लिकभर बारीक जावं लागतं. बीमधला वायू निघून गेलेला असतो, पाण्याला अडवायला काही उरत नाही. गडद भाजलेल्या बिया ठिसूळ असतात, त्या त्याच क्लिकवर जास्त धूळ देतात, म्हणून त्यांना जाड दळण आणि थोडं गार पाणी, ८८-९० अंशांचं.

सफाई

दर आठवड्याला कोरड्या रंगाच्या ब्रशने दाते झाडा. महिन्यातून एकदा ग्राइंडर उघडा आणि आतला वास घ्या. खवट शेंगदाण्यासारखा आला तर तेल जुनं झालंय. कोरड्या फडक्याने आणि टूथपिकने दात्यांच्या मुळाशी जा. स्टीलच्या दात्यांना पाणी लावू नका, आपल्या हवेत दोन दिवसांत गंज दिसतो. कच्चे तांदूळ दळून साफ करायची युक्ती मिक्सरच्या भांड्यापुरतीच ठेवा. तिथे दोन चमचे तांदूळ कोरडे फिरवले की तेल निघून येतं. दात्यांच्या ग्राइंडरला ते कडक पडतात.

मिक्सरच्या झाकणाची रबर रिंग मात्र तांदळाने सुधारत नाही. गोडा मसाला आणि लसणाचा वास तिथे मुक्कामाला असतो. ती काढून कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा आणि पूर्ण वाळवा. रोज कॉफी दळणार असाल तर चटणीचं दुसरं भांडं आणून त्यावर "कॉफी" असं लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांना सांगूनही ठेवा, नाहीतर पहिल्या रविवारी त्यात खोबऱ्याची चटणी होते.

ग्राइंडर पुन्हा जोडताना आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग दाता, ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट. काढताना मोबाइलवर एक फोटो घ्या. जोडून झालं की शून्य परत मोजा, कारण एखादा वॉशर किंचित वेगळा बसला तरी ते दोन क्लिक सरकतं, आणि कालनिर्णयवरचे आकडे त्या जुन्या शून्याचे असतात.